यलोस्टोन की ग्रँड टेटन? आरव्ही घेऊन चौथ्यांदा निघालोय, मुक्काम कुठे टाकावा?

डोंगरवाट

येत्या सप्टेंबरात नऊ रात्री मोकळ्या मिळाल्या आहेत. आमची आरव्ही, म्हणजे चाकांवरचं घर, २४ फुटी ट्रेलर आहे, ओढायला पिकअप. सॉल्ट लेक सिटीहून टेटनजवळच्या जॅक्सन गावाला एरवी पाचेक तास लागतात. ट्रेलर मागे असला की मी साडेसहा धरतो. यलोस्टोन या अमेरिकेतल्या राष्ट्रीय उद्यानाच्या आमच्या तीन वाऱ्या झाल्या. ग्रँड टेटन हे दुसरं उद्यान त्याला जवळजवळ खेटून आहे, मध्ये फक्त रॉकफेलर यांच्या नावाचा पार्कवेचा पट्टा. तरी पहिल्या दोन्ही वेळा टेटन आम्ही जाता-येता गाडीच्या काचेतूनच पाहिलं.

पहिल्या वारीत ग्रँड लूप पुरा केला. इंग्रजी आठच्या आकड्यासारखा १४२ मैलांचा रस्ता आहे. ४५ ची वेगमर्यादा, त्यात बायसनचा कळप रस्त्यावर आला की पाऊण तास तिथेच. दुसऱ्या वारीत पहिल्यांदा राहून गेलेलं पाहिलं आणि तिसऱ्यांदा आईबाबा आले होते म्हणून पुन्हा पहिलं सगळं दाखवलं. प्रत्येक वेळी आनंद झाला, यात शंका नाही. पण तिसऱ्या वेळी माझ्या लक्षात आलं, की आपण मुक्कामाला आलोय असं वाटतच नाही. सकाळी निघायचं, पार्किंग शोधायचं, लाकडी पुलावरून चक्कर मारायची, पुन्हा गाडीत.

परतताना टेटनमधल्या कोल्टर बेला एक रात्र जागा मिळाली. संध्याकाळी जॅक्सन लेकच्या काठावर गेलो. गोट्यांचा किनारा, पाणी अगदी निवांत, समोर माउंट मोरान. त्याच्या छातीवर एक काळी उभी पट्टी आहे, कोणी कोळशाने ओढल्यासारखी, आणि शेजारी दांड्याच्या तव्यासारखी हिमनदी. मुलं दोन तास पाण्यात चपटे दगड भिरकावत होती. कुठे पोचायचं नव्हतं. बाबा म्हणाले, "इथे चार दिवस राहायला हवं होतं." ते वाक्य डोक्यातून जात नाही.

म्हणून माझं मत असं बनत चाललंय: यलोस्टोन पहिल्या दोन वेळांसाठी, आणि पुन्हापुन्हा जाणाऱ्याने ट्रेलर टेटनमध्ये लावून ठेवावा. पण हे मत एका संध्याकाळवर उभं आहे. ज्यांनी दोन्हीकडे सलग मुक्काम केलेत त्यांनी लिहा. नऊ रात्री कशा वाटाव्यात?

शेवंती

डोंगरवाट, तुमची कोल्टर बेची संध्याकाळ वाचून छान वाटलं, पण मताशी मी सहमत नाही. आम्ही २००६ पासून सात वेळा यलोस्टोनला राहिलोय. लूप करणं सोडलं तेव्हा ते खरं दिसायला लागलं.

उदाहरण देते. अप्पर गिझर बेसिनमध्ये सगळी गर्दी ओल्ड फेथफुल या गिझरच्या (गरम पाण्याच्या नैसर्गिक कारंज्याच्या) बाकांवर बसते आणि उडून झालं की पार्किंगकडे वळते. व्हिजिटर सेंटरमध्ये आणखी चार गिझरांच्या अंदाजे वेळा लिहिलेल्या असतात: ग्रँड, कॅसल, डेझी आणि रिव्हरसाइड. आम्ही एक अख्खा दिवस फक्त रिव्हरसाइडला दिला. फायरहोल नदीच्या पलीकडच्या काठावर दगडाची खुर्ची असावी तसा त्याचा आकार आहे. उडायच्या तास-दीड तास आधी त्या खुर्चीच्या कडेवरून पाणी ओघळायला लागतं. मग बसायचं. थर्मासमधला चहा, पिशवीतला चिवडा. अचानक खुर्चीतून पाणी तिरकं उसळतं आणि नदीवर कमान धरतं. वीसेक मिनिटं चालतं. ऊन कललेलं असेल तर त्या वाफेत इंद्रधनुष्य दिसतं. पहिल्या फेरीत हे कोणाला जमत नाही, कारण दुपारी कॅन्यनला पोचायचं असतं.

दुसरं म्हणजे यलोस्टोन बदलतं. २०१८ च्या मार्चमध्ये स्टीमबोट गिझर पुन्हा जागा झाला. उडणाऱ्यांमध्ये जगात सर्वांत उंच तोच, ३०० फुटांच्या वर जातो. २०२४ च्या जुलैत बिस्किट बेसिनमध्ये भर सकाळी स्फोट झाला, लाकडी पुलाचे तुकडे उडाले, माणसं पळाली. जिथे आम्ही २०१५ मध्ये उभे राहून फोटो काढला होता, ती जागा बंद झाली. १९८८ च्या वणव्यात पार्कचा ३६ टक्के भाग होरपळला होता. आम्ही पहिल्यांदा गेलो तेव्हा जळके खांब उभे आणि पायाशी लॉजपोल पाइनची पोरं कमरेएवढी. आता त्याच वळणावर पलीकडचं दिसत नाही इतकं रान दाटलंय. या पाइनची बरीच फळं आगीच्या धगीनेच उघडतात आणि बी सांडतात, हे तिथल्या रेंजरने माझ्या लेकीला हातात फळ देऊन दाखवलं होतं. ती आता त्याच विषयात शिकतेय.

तेव्हा नऊच्या नऊ रात्री यलोस्टोनला द्या, पण एकाच कोपऱ्यात. फिशिंग ब्रिजला ट्रेलर लावा, प्राणी बघायला पहाटे हेडन व्हॅली, एक दिवस लामार व्हॅली. लूप विसरा.

घाटमाथा

दोन्ही बाजू पटतात. पण आरव्हीवाल्याचा निर्णय शेवटी पाणी, वीज आणि टाक्यांवर येतो, त्यामुळे जरा तपशिलात लिहितो.

यलोस्टोनमध्ये पाणी, वीज, सांडपाणी असे तिन्ही हुकअप (जोडण्या) एकाच ठिकाणी मिळतात: फिशिंग ब्रिज आरव्ही पार्क. ३१० जागा. तिथे ग्रिझली अस्वलांचा वावर असल्याने तंबूला परवानगी नाही, कापडी बाजूंचा पॉप-अप ट्रेलरही चालत नाही, कडक भिंतींचं वाहन हवं. बाकी मॅडिसन, कॅन्यन, ग्रँट, ब्रिज बे ही मोठी कॅम्पग्राउंड हुकअपविना आहेत. सांडपाण्याची टाकी रिकामी करायला डंप स्टेशन मिळतं, जनरेटर सकाळी आठ ते रात्री आठ. स्लू क्रीक सुंदर, पण जागा लहान आणि जनरेटर बंद.

टेटनला कोल्टर बे आरव्ही पार्कमध्ये तिन्ही हुकअपच्या ११२ जागा, बऱ्याचशा पुल-थ्रू (गाडी मागे न घेता सरळ बाहेर काढता येते अशा), आंघोळीची आणि कपडे धुण्याची सोय चालत जाण्याच्या अंतरावर. पार्कवेवर फ्लॅग रँचजवळ हेडवॉटर्स, तिथेही पूर्ण हुकअप. सिग्नल माउंटन आणि लिझर्ड क्रीकला ३० फुटांची मर्यादा आहे. सिग्नल माउंटनला काही जागांवर वीजही आहे. जेनी लेक कॅम्पग्राउंड फक्त तंबूंसाठी. ग्रो व्हाँट दक्षिणेला नदीकाठी, मोठं आणि सपाट, मूस (मोठ्या जातीची हरणं) तिथे हमखास येतात.

रस्त्यांत फरक मोठा. यलोस्टोनचे मुख्य रस्ते आरव्हीला खुले, फक्त पार्किंग अरुंद. मिडवे गिझर बेसिनला दुपारी लांब गाडी घेऊन जाऊच नका. टेटनला मूस-विल्सन रस्त्यावर २३.३ फुटांपेक्षा लांब गाड्या आणि कुठल्याही लांबीचे ट्रेलर बंद. सिग्नल माउंटनच्या माथ्यावरही ट्रेलर आणि मोठ्या आरव्ही बंद. पण तुम्ही ट्रेलर कॅम्पवर सोडून पिकअप घेऊन फिरणार, म्हणजे अडचणच नाही. आयडाहोच्या बाजूने येणाऱ्यांनी टेटन पासचा घाट टाळावा. १० टक्के चढ-उतार आहे, ब्रेक तापतात. स्वान व्हॅली, अल्पाइनवरून वळसा घ्या.

उंचीचं सांगतो. फिशिंग ब्रिज साधारण ७,८०० फुटांवर, कोल्टर बे ६,८०० च्या आसपास. जुन्या पद्धतीचे आरव्ही फ्रीज उंचीवर प्रोपेनवर नीट चालत नाहीत, ज्योत विझते. पहिल्या वर्षी आमचं तीन दिवसांचं दूध-दही असंच गेलं. विजेची जागा असेल तर फ्रीज विजेवर टाका. सप्टेंबरात रात्री पारा शून्याखाली जातो, झोपण्यापूर्वी पाण्याची नळी काढून आत ठेवा आणि टाकीतलं पाणी वापरा. सकाळी नळी काठीसारखी कडक झाली की कळतं.

पाणकावळा

वाचनखूण साठवली. मी मूळचा धुळ्याचा, त्यामुळे मोरानवरच्या काळ्या पट्टीबद्दल बोलल्याशिवाय राहवत नाही. ती डाइक आहे. जुन्या खडकाला उभी भेग पडली, खालून वितळलेला खडक शिरून तिथेच थिजला. आमच्याकडे धुळे-नंदुरबार भागात अशा डाइक माळरानावर मैलोन् मैल गेलेल्या दिसतात, दगडी बांधासारख्या. आजोळी जाताना एसटीच्या खिडकीतून आम्ही त्यांना 'भिंत' म्हणायचो. मोरानसमोर उभा राहिलो तेव्हा तीच आठवण आली. अर्थात दगडाचं वय वेगळं. आपला दख्खनचा लाव्हा साडेसहा कोटी वर्षांचा, मोरानची पट्टी सत्तर कोटींहून जुनी.

टेटनला पायथ्याच्या टेकड्या का नाहीत, हा प्रश्न माझ्या भाच्याने विचारला होता. सरळ मैदान आणि एकदम सात हजार फूट भिंत. कोकणातून सह्याद्री पाहिलेल्या माणसाला हे ओळखीचं वाटतं, पण कारण निराळं आहे. इथे पायथ्याशी मोठा प्रस्तरभंग आहे. एक बाजू वर उचलली जाते, दुसरी खाली खचते. डोंगर जितका चढला त्याहून दरी जास्त खचलीय आणि वरून गाळगोट्यांनी भरत गेलीय. खडक अडीचशे कोटी वर्षांहून जुने, पण डोंगर म्हणून उभे राहिले ते गेल्या एक कोटी वर्षांच्या आत. यलोस्टोनमध्ये जमिनीखालची धग दिसते, टेटनमध्ये जमिनीची उलथापालथ. दोन्ही शेजारी, एका दिवसात पाहता येतात. मला तरी एक सोडून दुसरं निवडता येत नाही.

भारतातून आईवडील येणार असतील त्यांच्यासाठी: २०२६ पासून अमेरिकेत न राहणाऱ्यांना या दोन्ही पार्कांत सोळा वर्षं आणि त्यावरील माणशी १०० डॉलर जादा आहेत, किंवा त्यांच्यासाठीचा २५० डॉलरचा वार्षिक पास. इथे राहणाऱ्यांचा पास ८० डॉलरचाच. तिकिटं काढण्याआधी हे हिशोबात धरा. जॅक्सन ते मोरान हा हमरस्ता मात्र फाटकाबाहेरून जातो. स्नेक रिव्हर ओव्हरलूक, श्वाबाकर लँडिंग, मॉर्मन रो सगळं त्या बाजूला, तिथे प्रवेश शुल्काचं फाटक लागत नाही.

मुशाफिर

आम्ही स्वतःची गाडी नसलेले. दोन वर्षांपूर्वी ३० फुटी क्लास सी, म्हणजे स्वतःच चालणारी आरव्ही, भाड्याने घेतली. कंपनीने गाडी देताना कुठे जाता येतं, कुठे नाही, काहीच सांगितलं नाही, आणि पाण्याचा पंप दुसऱ्याच रात्री बंद पडला. फोन लावला तर म्हणे सोमवारी बघू. चार दिवस बादलीने पाणी भरलं. लहान मूल बरोबर असताना फार त्रास झाला.

मूस-विल्सन रस्त्याच्या तोंडाशी पाटी दिसली आणि तिथून गाडी मागे घेताना घामाघूम झालो. फेल्प्स लेकला जायचं राहिलं.

त्यामुळे ज्यांच्याकडे वेगळी छोटी गाडी नाही त्यांना माझा सल्ला डोंगरवाट यांच्या बाजूने. कोल्टर बेला आरव्ही लावून ठेवा. हेरॉन पाँड आणि स्वान लेकची तीनेक मैलांची वाट तिथूनच निघते, गाडी हलवावी लागत नाही. जॅक्सनहून मूस गावामार्गे जेनी लेकपर्यंत सायकलींचा स्वतंत्र डांबरी रस्ता आहे. यलोस्टोनमध्ये मात्र आरव्ही हीच तुमची एकमेव गाडी असेल तर रोज सकाळी हुकअप सोडा, स्लाइड-आउट (बाहेर सरकणारा खोलीचा भाग) आत घ्या, भांडी बांधा, संध्याकाळी पुन्हा चाकांखाली लेव्हलिंग ब्लॉक मांडा. बायको म्हणाली, "हा संसार रोज किती वेळा आवरायचा?"

शेवंती

मुशाफिर, तुमचा मुद्दा बरोबर आहे. एकच गाडी असेल तर टेटन सोपं, हे मान्य.

पण सप्टेंबरबद्दल एक गोष्ट कोणी लिहिली नाही, ती म्हणजे धूर. आयडाहो, मोंटानातल्या वणव्यांचा धूर ऑगस्ट-सप्टेंबरात जॅक्सनच्या दरीत येऊन बसतो. २०२१ मध्ये आम्ही चार दिवस टेटनसाठी ठेवले होते. पहिले तीन दिवस डोंगर दिसलेच नाहीत. समोर करडा पडदा. लेकीने सूर्याकडे डोळे न मिचकावता बघितलं, इतका तो फिका होता. टेटनमध्ये सगळा जीव त्या एका रांगेत आहे, ती झाकली की काय करणार? यलोस्टोनमध्ये धूर असला तरी गिझर पाच पावलांवर उडतो, झरे वाहतात, बायसन दिसतात. म्हणून सगळी अंडी कोल्टर बेच्या टोपलीत ठेवू नका असं म्हणणार होते, पण तो वाक्प्रचार आपला नव्हे. आपल्या भाषेत सांगायचं तर एकाच दावणीला सगळी गुरं बांधू नका.

डोंगरवाट

शेवंतीताई, धुराचा विचार मी खरंच केला नव्हता. रिव्हरसाइडचं वर्णन वाचून तर हललोच. तीन वेळा त्या गिझरसमोरून गेलो असेन आणि "इथे काही नाही" म्हणून पुढे निघालो असेन.

दोन प्रश्न. एक, कोल्टर बेहून पिकअप घेऊन ओल्ड फेथफुलचा दिवस करता येईल का? दुसरा, एल्कची, म्हणजे त्या मोठ्या हरणांची, शीळ कुठे ऐकायला मिळेल? धाकटीला तेवढंच हवंय.

घाटमाथा

कोल्टर बे ते ओल्ड फेथफुल साठेक मैल. फ्लॅग रँच, दक्षिण प्रवेशद्वार, वेस्ट थम्ब, मग क्रेग पास. वाटेत आयसा लेक बघा, छोटं तळं, कमळाची पानं असतात, त्याचं पाणी दोन्ही बाजूंनी वाहून दोन वेगळ्या महासागरांकडे जातं. दीड-पावणेदोन तास धरा. दिवस आरामात होतो. लामार मात्र त्या अंतरातून करू नका, त्यासाठी फिशिंग ब्रिजलाच राहा. तिथून पन्नासेक मैल. पहाटे चारला उठायची तयारी ठेवा, आणि निघण्यापूर्वी डनरेव्हन पासच्या रस्त्याची स्थिती बघा. ८,८०० फुटांवरची खिंड आहे, सप्टेंबरातही बर्फ पडून बंद होऊ शकते.

पाणकावळा

एल्कसाठी सप्टेंबरचा मध्य उत्तम. संध्याकाळी जेनी लेकच्या आसपासची सेजब्रशची झुडपं आणि झाडीची कड धरून गाडी थांबवा, इंजिन बंद करा, काच खाली. आधी काहीच ऐकू येत नाही. मग एवढ्या मोठ्या जनावराच्या गळ्यातून बासरीसारखा उंच सूर निघतो आणि शेवटी घोगरा होतो. आमच्या आईने हातातला स्वेटर खाली ठेवला आणि बराच वेळ तशीच बसली. अंतर पाळा: अस्वल-लांडग्यांपासून १०० यार्ड, बाकीच्यांपासून २५, आणि माजावरच्या नर एल्कपासून त्याहून जास्तच.

अंधार पडताना गाडी हळू हाकाल तेवढं बरं. ३९९ क्रमांकाची ग्रिझली, जिला बघायला लोक वर्षानुवर्षं टेटनला येत, ती २०२४ च्या ऑक्टोबरात जॅक्सनच्या दक्षिणेला हमरस्त्यावर गाडीखाली गेली. २८ वर्षांची होती. मी तिला २०२० मध्ये चार पिल्लांसह पाहिलं होतं. बातमी वाचली त्या दिवशी कामात लक्ष लागलं नाही.

मुशाफिर

स्वयंपाकाचं कोणीच लिहिलं नाही! फिशिंग ब्रिजच्या उंचीवर पाणी ९२ अंशांलाच उकळतं. डाळ उघड्या पातेल्यात शिजता शिजत नाही, सिलिंडर संपतो. छोटा कुकर न्याच. आणि जेवण झालं की कुकर, तेलाची बाटली, कचऱ्याची पिशवी, अगदी पोळपाट-लाटणंसुद्धा आत. आमच्या शेजाऱ्यांनी बाहेरच्या टेबलावर रिकामं भांडं ठेवलं होतं, रेंजरने येऊन स्वतः उचलायला लावलं.

शेवंती

कुकरला माझाही दुजोरा. शिट्ट्या नेहमीपेक्षा दोन जास्त.

डोंगरवाट

काल रात्री घरी चर्चा झाली, आणि आज सकाळी जागाही मिळाल्या. टेटनची आरक्षणं सहा महिने आधी उघडतात, त्यामुळे सकाळी आठला दोन लॅपटॉप घेऊन बसलो होतो. फिशिंग ब्रिजच्या आधीच संपल्या होत्या. ती आरक्षणं वर्षभर आधीपासून चालू असतात, पण कोणीतरी रद्द केलेल्या तीन रात्री हाती लागल्या.

तर असं ठरलंय: पहिल्या तीन रात्री फिशिंग ब्रिज. एक पहाट लामार, एक पूर्ण दिवस अप्पर गिझर बेसिन, आणि त्यात दुसरं काहीही नाही. रिव्हरसाइडसमोर बसायचं. तिसऱ्या दिवशी त्या जुन्या लाकडी पुलावर जायचं. नाव फिशिंग ब्रिज, पण १९७३ पासून तिथून मासे धरायला बंदी आहे, आणि खाली कटथ्रोट ट्राउट दिसतात म्हणे. मग कोल्टर बेला सहा रात्री. ट्रेलर हलवायचा नाही. धूर आला तर पिकअप घेऊन उत्तरेला वेस्ट थम्बपर्यंत जाऊ, नाही आला तर फेल्प्स लेक, टॅगर्ट लेक, आणि एकदा तरी जेनी लेकच्या होडीने पलीकडे जाऊन कॅस्केड कॅन्यनमध्ये जमेल तेवढं चालायचं.

बाबांना फोन केला. त्यांना यंदा यायला जमणार नाही, गुडघ्याचं ऑपरेशन आहे. म्हणाले, त्या काळ्या पट्टीचा एक नीट फोटो काढ, सकाळच्या उन्हात, आणि पाणकावळ्यांनी जे लिहिलंय ते वाचून दाखव. त्यांचं सगळं लहानपण साक्रीत गेलं. 'भिंत' हा शब्द त्यांनी लगेच ओळखला.